सुई थांबली का?

माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करून टाकते. मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत. असलं काही लोक शेवटी सांगतात, तेही आडून आडून. पण मी बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. चूक दिसली की तिथल्या तिथे समासात दाखवायची, हे हाताला लागलेलं वळण आहे. म्हणून ही पहिल्याच पानावर दाखवून ठेवते.

घरात तिला सगळे धाकटी म्हणतात आणि मला थोरली. आमचं घर बैठं, रस्त्याला लागून. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध विटांची भिंत घालून ते वाटून घेतलं. गवंडी म्हणाला होता, "एकेरी घातली तर पलीकडची शिंक इकडे ऐकू येईल." दीर म्हणाले, "येऊ दे की, आपलीच माणसं आहेत." भांडण नव्हतं काही, नुसती चुलीची सोय. भिंतीच्या अलीकडे माझं लिहायचं टेबल आलं आणि पलीकडे तिचं शिवणाचं मशीन.

धाकटी बुटकी आहे, चालते भराभरा, आणि ब्लाउजला दोन टाचण्या कायम खोचलेल्या. लग्न होऊन आली तेव्हा सातवी पास. मग तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. अकरा वर्षं तिनं तिथे फक्त कॉलरी शिवल्या. बाह्या दुसरी बाई, खिसे तिसरी. अख्खा शर्ट तिनं अकरा वर्षांत शिवला नाही. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बाया रडत घरी गेल्या. ही जाता जाता मुकादमाला म्हणाली, "एक जुनं मशीन मला द्या, बाह्या कशा लावतात ते बघायचंय." मिळालं. आता गल्लीतले निम्मे गणवेश तिच्या हातचे असतात.

तिचा स्वभाव मला कधी कळला नाही. कौतुक करायचं असलं की ती म्हणते, "बरं आहे." एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही की म्हणते, "बरं आहे." नवऱ्यानं नवीन पंखा आणला, बरं आहे. तो चौथ्या दिवशी बंद पडला, बरं आहे. अशा बाईशी धड भांडताही येत नाही.

आणि आळशी. हे मी वर्षानुवर्षं मनाशी म्हणत आले. मी पाचला उठायची, घरातलं आवरून सहाला टेबलाशी बसायची आणि आदल्या दिवशी लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. डोळा चूक झाकतो, कान झाकत नाही. कविता असो की लेख, आवाजात वाचल्याशिवाय मी तो पुरा मानला नाही. सात वाजायचे, साडेसात व्हायचे, आणि पलीकडे सगळं चिडीचूप. मशीनचा आवाज यायचा तो माझं वाचून झाल्यावर, नवऱ्याच्या डब्याची गडबड सुरू झाली की. गिऱ्हाइकं तिच्या दारात कुरकुरायची, सकाळी द्यायचा फ्रॉक दुपारी का देता म्हणून. मी चहा ढवळत ऐकायची आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

आता बैठकीबद्दल. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमची बैठक भरते. भरायची. ती मी सुरू केली, एकोणीस वर्षांपूर्वी. ज्यांना कुणी छापत नाही आणि घरात कुणी ऐकून घेत नाही, त्यांनी आपलं लिहिलेलं चार माणसांसमोर वाचावं, एवढीच कल्पना. खोली साधी. प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कपाटं, एक खिडकी जी लागत नाही आणि एक जी उघडत नाही. खोली नगर कार्यालयाची, तीही फुकट, आणि वर्षाला एक छोटं अनुदान. त्यातून वर्षाअखेरीस आम्ही सगळ्यांच्या लिखाणाचं एक पातळ पुस्तक काढायचो. त्याची प्रुफं अर्थातच मी तपासायची.

अनुदान म्हणजे दरवर्षीचा घोर. अर्ज केला की उत्तर यायचं, "आपला प्रस्ताव विचाराधीन आहे." हा विचार कधी चार महिने चालायचा, कधी नऊ. एकदा तो इतका लांबला की मंजुरीचं पत्र आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाची मुदत संपल्याचं पत्र एकाच दिवशी आलं. माझा नवरा म्हणाला, "लग्नाची पत्रिका आणि काडीमोड एकाच पाकिटात." तो वर्षातून एखादंच वाक्य बरं बोलतो.

त्यात कार्यालयानं नियम काढला की प्रत्येक बैठकीला किमान वीस सह्या हव्यात. आम्ही असायचो पंधरा-सोळा. म्हणून मी माणसं गोळा करायला लागले आणि पहिला हात घातला तो भिंतीपलीकडे. "अगं, नुसतं येऊन बस. सही कर. काही कळलं नाही तरी चालेल." हे शब्द माझेच. गाढवापुढे वाचली गीता असं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलंही होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

ती आली. सही केली. मागच्या रांगेत बसली आणि पिशवीतून गणवेशाची चड्डी काढून तुरपाई करायला लागली. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "कान मोकळेच आहेत, ताई. हात रिकामे राहिले की मला झोप येते." शेजारी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई बसली होती. तिच्या कोटाचं बटण लोंबत होतं. धाकटीनं न विचारता तो कोट मांडीवर ओढला आणि नर्सबाई वाचायला उभी राहिली तेव्हा लावून टाकलं.

पुढच्या महिन्यात तिघंजण उसवलेले कपडे घेऊन आले. त्याच्या पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी एक वेताची टोपली आणून ठेवली. मग रीतच पडली. येताना आपली कविता आणायची आणि फाटकं-तुटकंही आणायचं. कपड्याला नावाची चिठ्ठी टाचून टोपलीत टाकायचं. जमेल ते धाकटी तिथे नीट करायची, उरलं की घरी नेऊन पुढच्या महिन्यात परत आणायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. म्हणायची, "ऐकायला मिळतं की."

इथवर मी सोसलं. पण मग ते सुईचं झालं.

आमच्यात एक मीटरवाला आहे. घरोघर जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे टिपून घेतो आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहितो. त्या दिवशी त्यानं एका म्हाताऱ्याबद्दल वाचलं. म्हातारा दर महिन्याला फाटकापाशी येऊन मीटरचा आकडा त्याच्याबरोबर मोठ्यानं वाचायचा, जणू दोघं मिळून पाढे म्हणतायत. शेवटची ओळ होती, "यंदा दोन महिने आकडा तोच आहे." त्या ओळीच्या जरा आधी माझं लक्ष धाकटीकडे गेलं. तिनं दोरा ओढून सुई खांद्यापर्यंत नेली होती आणि हात तिथेच राहिला होता. कविता संपली, तरी क्षणभर तसाच. मग सुई खाली आली आणि तिनं पुढचा टाका घातला. वाहवा नाही, टाळी नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

झालं. त्या दिवसापासून वाचणारा माणूस आमच्याकडे बघेना, तिच्या हाताकडे बघायला लागला. खाली उतरताना जिन्यात एकच प्रश्न, "थांबली का?" निवृत्त टपालकाका दर महिन्याला सात पानी कविता आणायचे. त्यांच्यासाठी सुई थांबावी म्हणून त्यांनी ती दोन पानांवर आणली. आम्ही एकोणीस वर्षं सांगून थकलो होतो. नर्सबाईसाठी दोनदा थांबली. टपालकाकांसाठी एकदा, तेव्हा ते खुर्चीत बसताना चुकून शेजारच्याच्या मांडीवर बसले. एका मुलीसाठी तर पहिल्याच दिवशी थांबली, जिला ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता.

माझ्यासाठी थांबली नाही. मी मोजलंय. सतरा बैठकांत मी सतरा गोष्टी वाचल्या, कविता धरून. सतराही वेळा सुई आपली वर-खाली, वर-खाली, आणि नेहमीपेक्षा जास्तच भराभर. माझ्या वाचनात ती दोन-दोन बटणं लावून मोकळी व्हायची. बैठक मी सुरू केलेली, खोली मी मिळवलेली, अर्ज मी लिहिलेले, सगळ्यांच्या वेलांट्या मी सुधारलेल्या. आणि आयत्या बिळावर हा नागोबा, तोही सातवी पास, हातात गणवेशाची चड्डी घेऊन बसलेला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी हसून पाणी प्यायची.

एका स्थानिक वर्तमानपत्रात बैठकीवर चार रकाने छापून आले. फोटो कुणाचा? तिच्या हाताचा. नुसता हात आणि सुई. खाली माझं नाव होतं, संयोजिका म्हणून, त्यातही एक अक्षर चुकलेलं.

त्या वर्षीच्या पुस्तकात सगळ्यांच्या मतानं एक ओळ घालायची ठरली, "आमचं ऐकणाऱ्या सुईवाल्या बाईंना." प्रुफं माझ्याकडे आली. पहिल्या पानावर ती ओळ एकटीच होती, भोवती भरपूर कोरी जागा. मी लाल पेन घेतलं, ती उडवली आणि समासात लिहिलं, "जागेअभावी." बत्तीस वर्षांत मी मजकुरात खोटी खूण केली, ती एवढी एकच. पुस्तक आलं तेव्हा मीटरवाल्यानं पहिलं पान उलटून पालटून पाहिलं. धाकटीनं पुस्तक हातात घेतलं, बांधणीचा दोरा निरखला आणि म्हणाली, "बरं आहे."

या वर्षी कार्यालयाचं पत्र आलं. निधी अपुरा असल्यानं निम्म्या मंडळांचं साहाय्य बंद होणार, कोणाचं ठेवायचं ते प्रत्यक्ष पाहणी करून ठरणार. साहाय्य गेलं तर खोलीही जाणार. पुढच्या मंगळवारी अधिकारी येणार होते.

माझी तर झोपच उडाली. त्या खोलीशिवाय माझ्याजवळ काय होतं? छापखाना सुटला, मुलगा परगावी, नवरा टीव्हीसमोर. महिन्यातून एक संध्याकाळ अशी होती की माणसं जिना चढून माझ्याकडे यायची. ती जाऊ द्यायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. साहेबांसमोर ती बैठक माझी दिसायला हवी होती. एकदाच. खोलीतल्या बावीस माणसांनी एक संध्याकाळभर एका हाताकडे न बघता वाचावं, आणि साहेबांनी विचारावं, हे सगळं कुणी उभं केलं?

रविवारी मी मागच्या अंगणात गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"अगं, मंगळवारी तू आली नाहीस तरी चालेल."

"का हो?"

"साहेब येणार आहेत. तिथे शिवणटिपण चाललेलं बरं दिसत नाही. साहित्याचा कार्यक्रम आहे तो."

तिनं एक चिमटा तोंडात धरला होता, तो काढला. "मग नाही आणत शिवण. नुसती बसते मागे."

"नको. तुझ्याकडे कामं पडलीयत ना? वीस सह्या होतायत आता."

तिनं शर्ट झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या. "बरं," म्हणाली. या वेळी पुढचं "आहे" नव्हतं. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही, आता येतं.

मंगळवारी मी खुर्च्या ओळीत लावल्या. टोपली कपाटामागे सरकवली. माणसं येऊ लागली ती जिन्यातून पिशव्या घेऊनच. मी प्रत्येकाला सांगितलं, "आज तिला बरं नाही. ताप आहे." नर्सबाई म्हणाली, "किती आहे? मी जाऊन बघते." मी म्हटलं, "झोपलीय, उद्या बघ." एक खोटं बोललं की त्याला अस्तर लावावं लागतं.

साहेब वेळेवर आले. पन्नाशीचे, थकलेले, हातात फाईल. खोलीभर नजर फिरवून त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा, "त्या शिवणाऱ्या बाई कुठे बसतात?"

"आज त्यांना बरं नाही," मी म्हटलं.

"अरेरे." त्यांनी खिशातून एक छोटं पाकीट काढलं. आत कोटाचं बटण होतं. "बायकोनं दिलं. म्हणाली, जाताच आहात तर लावून घेऊन या." ते ओशाळे हसले. त्यांच्या फाईलीत माझा अर्ज खाली होता. वर वर्तमानपत्रातलं कात्रण होतं, हात आणि सुई.

वाचन सुरू झालं. तसं मेलेलं वाचन मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. माणूस उभा राहायचा आणि आधी मागच्या रांगेकडे बघायचा, त्या एका रिकाम्या खुर्चीकडे, मग कागदात तोंड घालून घाईघाईनं वाचून खाली बसायचा. मीटरवाल्यानं तर एक कडवंच गाळलं. टपालकाकांनी, बघणारं कोणी नाही म्हणून की काय, पुन्हा सात पानं आणली होती. शेवटी मी उभी राहिले. वडिलांच्या चष्म्यावरची माझी कविता, चार महिने घासलेली. मी खणखणीत आवाजात वाचली. उच्चार एकही चुकला नाही. संपल्यावर टाळ्या वाजल्या, अगदी मोजून मापून.

साहेब काही विचारणार एवढ्यात दार ढकलून माझे दीर आत आले. बस डेपोत मेकॅनिक आहेत, हात काळे, दोन्ही हातांत दोन भरलेल्या पिशव्या.

"वहिनी, हे गेल्या महिन्यातले कपडे. तिनं सगळे केलेत. चिठ्ठ्या लावल्यायत." त्यांनी पिशव्या टेबलावर ठेवल्या.

नर्सबाईनं विचारलं, "ताप उतरला का त्यांचा?"

"ताप?" दीर म्हणाले. "ताप कसला? ठणठणीत आहे. वहिनींनीच सांगितलं ना, आज येऊ नको, बरं दिसत नाही म्हणून. मग मला म्हणाली, कपडे तरी पोचवा, लोकांची अडचण होईल."

ते साधेपणानं बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं. खोलीत कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे आपापल्या पिशव्यांकडे, खिडकीकडे, पायांकडे बघत राहिले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण खाली वाचनालयाचा बालविभाग होता.

निघताना साहेब दारापाशी थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आठवड्याला चार ठिकाणी मी अशी वाचनं ऐकतो. सगळीकडे असंच असतं. इथं काही वेगळं आहे असं फाईलीत होतं." बटणाचं पाकीट त्यांनी परत खिशात टाकलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. या वेळी विचार लवकर झाला होता. "सदर उपक्रमात वेगळेपण व लोकसहभाग दिसून आला नाही." साहाय्य बंद. महिनाअखेर खोलीची किल्ली जमा करावी.

शहाण्या माणसानं तोंड लपवून घरात बसावं. मी पत्र घेऊन तरातरा भिंतीपलीकडे गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती गणवेशाला काजं करत होती.

"वाच. एकोणीस वर्षांची बैठक गेली. आता झालं समाधान?"

तिनं पत्र वाचलं, ओठ हलवत, सावकाश. "माझं समाधान कशाला, ताई?"

"तुझ्यापायी सगळे वेडे झाले. कविता कवितेसाठी वाचायची सोडून तुझ्या सुईकडे बघत बसायचे. आणि तू! अख्ख्या जगासाठी तुझी सुई थांबते. त्या ऱ्हस्व-दीर्घ न कळणाऱ्या पोरीसाठी थांबते. सतरा वेळा वाचलं मी. सतरा वेळा. एकदा थांबवली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

बोलून गेले आणि मग कळलं की हे मी कधी कुणालाच, नवऱ्यालासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

धाकटीनं चष्मा काढला. ती रागावलेली दिसत नव्हती. गोंधळलेली दिसत होती.

"तुमचं मला मंगळवारी नवीन कुठं असतं, ताई?"

"म्हणजे?"

तिनं भिंतीकडे हात केला. "सकाळी सहाला तुम्ही वाचायला बसता. सगळं ऐकू येतं. मशीन चालू केलं तर ऐकू येत नाही, म्हणून बंद ठेवते. तुमचं होईस्तोवर हात लावत नाही कशाला. गिऱ्हाइकं बोलतात, बोलू देत. एकेक तुम्ही चार-चार, पाच-पाच दिवस वाचता. मंगळवार येईपर्यंत मला पाठ झालेलं असतं. मग म्हणते, आता हे ठाऊक आहे, तेवढ्यात राहिलेली बटणं उरकून घेऊ."

ती पुढे म्हणाली, अगदी सहज, "ती वडिलांच्या चष्म्याची आहे ना? आधी त्यात होतं, 'काच पुसायची राहून गेली.' मग ते काढून तुम्ही क्षितिज की काय घातलंत. पहिलं बरं होतं."

सतरा बैठका मी त्या सुईकडे बघत होते. आणि भिंतीपलीकडे एक बाई, किती वर्षं कोण जाणे, रोज सकाळी हातातलं काम थांबवून फक्त मला ऐकत होती. त्याला मी आळस म्हटलं.

"मला हे कधी सांगितलं का नाहीस?"

"चोरून ऐकते म्हणून रागावाल असं वाटलं." तिनं चष्मा पुन्हा घातला आणि सुई उचलली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्या पुस्तकातली ओळ तुम्ही काढलीत, ते मीटरवाल्यानं सांगितलं होतं. म्हटलं, असेल जागा कमी. पण तापाचं कशाला सांगितलंत, ताई? मी बरी होते. येऊ नको म्हणालात, नाही आले. आजारी कशाला पाडलंत?"

माफी मागावी एवढी साधी गोष्ट, तीही मला त्या वेळी सुचली नाही. पत्राची घडी घातली आणि घरी आले.

बैठक बंद पडली नाही. मीटरवाला आणि नर्सबाई तिच्याकडे गेले, तुमच्या पुढच्या खोलीत बसू का म्हणून. ती म्हणाली, "बसा की, पण वही ताईंकडेच राहील. त्यांची बैठक आहे." हे मला दिरांकडून कळलं. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. आता मंगळवारी तिच्या खोलीत पलंगावर, जमिनीवर, मशीनच्या स्टुलावर माणसं दाटीवाटीनं बसतात. मी दारापाशी वही घेऊन सह्या घेते. सगळे माझ्याशी नीट बोलतात, ताई बसा, ताई पाणी घ्या. साहेब एकदा येऊन बटण लावून घेऊन गेले, कार्यालयाचा काही संबंध नाही असं तीनदा सांगून. मी तिथे अजून काही वाचलेलं नाही.

आणि सकाळ. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहाला टेबलाशी बसले. चष्म्याची कविता काढली, क्षितिज खोडलं, काच परत घातली. खाकरले आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या पहिल्या ओळीला पलीकडे मशीन सुरू झालं.

मी थांबले. मशीन थांबलं नाही.

तेव्हापासून रोज तेच आहे. गिऱ्हाइकांना कपडे आता सकाळी वेळेवर मिळतात, कुणी कुरकुरत नाही. ती मला अंगणात दिसते, बोलते, भाजी द्यायला येते, तीच पूर्वीची. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा भाजीचंच बोलले. पूर्वी मला तिचा हेवा वाटायचा. आता ती जिला रोज काम थांबवून ऐकायची त्या बाईचा वाटतो, आणि तो सगळ्यात वाईट, कारण ती बाई मीच होते आणि मला पत्ताच नव्हता.

तोंडानं जमत नाही म्हणून हे लिहिलं. लाल पेनाची ओळ, ताप, आळस, सगळं यात आहे, काही उडवलेलं नाही. हा आज नववा दिवस. रोज सहाला मी खुर्ची भिंतीकडे वळवते आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचते. आत्ता इथवर आले आहे. पलीकडे मशीन चालूच आहे.